मोहरीच्या वाटीतला घोडा

मित्रांनो, मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या, झाकणाला एक पोचा. इतर डब्यांच्या आयुष्यात फोडणी असते. माझ्या आयुष्यात आधी फोडणी आली आणि नंतर बुद्धिबळाचे इटालियन ओपनिंग. असे सहसा होत नाही.

सविताताईंच्या लग्नात मी आहेरात आलो. त्या आहेरात मिसळणाचे सहा डबे होते. त्यांतून माझी निवड झाली, एवढे नम्रपणे नमूद करतो. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांना सविताताई जेवण पोचवतात. दहा जण जेवायचे तोवर मी पुरलो. "ताईंच्या हाताला चव आहे," असे कामगार म्हणत. चव माझ्यात होती, पण मी वाद घातला नाही. मग जेवणारे साठ झाले, माझ्या जागी बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. तिथे तीन वर्षे माझ्यात बटणे, सेफ्टी पिना आणि कुकरची एक शिट्टी राहत होती. शिट्टी स्वभावाने बरी होती.

मला खाली काढले ते ताईंच्या मुलीने, सुकन्याने. ती नववीत आहे. गेल्या वर्षी नगरच्या स्पर्धेत ती बुद्धिबळाचे पाच डाव खेळली आणि पाचही हरली. एक तर चहा यायच्या आत. सुरुवातीच्या खेळी तिला आठवतच नव्हत्या.

"पुढच्या वर्षी दहावी हाय, सुकू," ताई म्हणाल्या. "यंदा पाचात तीन पॉइंट आन. न्हाईतर पट बांधून ठेव कायमचा."

"आन ह्यो डबा?"

"ह्यो मोडीत. भांडीवालीला देऊन पातेलं घीन."

म्हणजे मित्रांनो, तिचा खेळ आणि माझा जीव एकाच भावात निघाला.

सुकन्याने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची साठ कार्डे कापली. प्रत्येकावर एक खेळी आणि तिचे उत्तर. अनेक नवरदेवांच्या पाठीवर माझ्या डोळ्यांदेखत घोडे चढले. सगळी कार्डे आधी मोहरीच्या वाटीत. मोहरी रोज विचारायची. उत्तर बरोबर आले की कार्ड जिऱ्यात, ते दोन दिवसांनी. मग हळद चार दिवसांनी, तिखट आठवड्याने, असे करत शेवटी गोड्या मसाल्यात, तो महिन्याने. चुकले की कुठूनही परत मोहरीत. अगदी विसरायला टेकावे तेव्हाच विचारायचे, म्हणजे डोक्यात पक्के बसते. पद्धत तिने मोबाईलवर पाहिली होती. वाट्या मात्र माझ्या.

विचारायला बसायच्या ताई, पोळ्या लाटता लाटता. त्यांना खेळ येत नव्हता. त्याने काही अडले नाही.

"समोरच्याचा घोडा एफ-तीनला. तुझं काय?"

"घोडा सी-सहा."

"व्हय. जिऱ्यात जा."

एकदा एक कार्ड चुकून जेवणाच्या डब्यात गेले. संध्याकाळी डब्यासोबत चिठ्ठी आली: भाजी छान, खेळी पटली नाही.

दिवाळीपर्यंत साठातली चोपन्न कार्डे गोड्या मसाल्यात होती. मी निश्चिंत होतो. नगरला स्पर्धेच्या मंगल कार्यालयात मी ताईंच्या मांडीवर, फडक्यात बांधून, पाहुण्यासारखा बसलो. पहिला डाव सुकन्या जिंकली. दुसऱ्यात समोरच्या मुलाने घोड्याच्या आधी उंट काढला. एवढेच. ती बारा मिनिटे पटाकडे बघत राहिली आणि हरली. त्याच भीतीत तिसराही गेला. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"पाठ न्हवतं का?" ताईंनी विचारले.

"पाठ हाय सगळं. पन मम्मी, त्या उंटाच्या कार्डावर कोपऱ्यात हळदीचा डाग हाय. तो दिसला की मला उत्तर येतं. पटावर डागच न्हाई."

मित्रांनो, ती हळद माझी. तीन वर्षे माळ्यावर काढूनसुद्धा माझ्या वाटीतून सुटली नव्हती. मला झाकण लावून घ्यावेसे वाटले. ते लावलेलेच होते.

ताईंनी तिच्या हातात पोळीचा घास दिला. "त्यो उंट तिथं कशाला येतो?"

"आपल्या राजाजवळच्या प्याद्यावर त्याचा डोळा असतो."

"आन घोडा?"

"मधल्या प्याद्यावर."

"म्हंजे दोघं दोन कामाला निघालेत. घरातनं कोन आधी निघालं, त्यानं तुझं काय बिघडलं? पंगतीत भाताआधी बुंदी वाढली तर ताट सोडून उठतीस का?"

सुकन्या भिंतीकडून वळली. "मग मी माझा घोडा काढायचा. तसाच."

"मला काय इचारती? मला खेळ येतो का?"

चौथा डाव ती जिंकली. दोन पॉइंट झाले. पाचव्यात पुन्हा उंट आधी आला आणि या वेळी ती हसली. खूप वेळ तिचे एक प्यादे जास्त होते. पण शेवटी पटावर दोन राजेच उरले आणि पंचांनी बरोबरी दिली. अर्धा पॉइंट.

एसटीत तिने स्वतःच सांगितले, "अडीच झाले. डबा देऊन टाक."

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "प्यादं जास्त हुतं ना? मग जिंकली का न्हाईस?"

"वजीर पुढं काढला न्हाई."

"का?"

"माहीत न्हाई."

"माहीत न्हाई कसं? घरी गेल्यावर पट मांड. मला बघायचंय."

"पन तीन न्हाई झाले, मम्मी."

"मला मोजता येतं. मांड म्हनलं ना!"

भांडीवाली दोनदा येऊन गेली. पातेले काही आले नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. डबा घासताना वाट्याही घासा, आणि कार्डावर उत्तराखाली 'का' तेवढे लिहा. नुसते पाठ केलेले डागावर विसंबून राहते. मी डाग आहे, मला विचारा.

आता माझ्यात नवी कार्डे आली आहेत, ताईंच्या अक्षरातली. सुकन्या विचारते, ताई पोळी लाटत उत्तर देतात. 'घोडा कसा चालतो?' हे त्यांचे पहिले कार्ड अकरा दिवस झाले, मोहरीतच आहे. कृपया हसू नका. उद्या पुन्हा विचारणार आहोत.