डाव्या हाताची रोवणी

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या घरात वर्षानुवर्षं एकच भांडण होतं आणि ते रविवारी सकाळी व्हायचं. मधुसूदनराव रंगांची पिशवी खांद्याला अडकवून स्कूटरला किक मारत, आणि त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई फाटकाशी उभ्या राहून विचारत, "जेवायला घरी येऊन राहिले, की तिथंच रंगाचं पाणी पिऊन पोट भरणार?" दुपारी नवरा परत यायचा तो भरताच्या वांग्यासारखा भाजून. हातात एक कागद असायचा. त्यावर कधी फुटाळा तलावाचं पाणी, कधी रामटेकचा डोंगर, कधी नुसतंच आभाळ. चारुशीलाबाई चित्राकडे एक नजर टाकून "बरं आहे" म्हणत आणि टेबलावरचे रंगाचे डाग पुसायला घेत.

खरं सांगायचं तर ती चित्रं त्यांना अतोनात आवडत. घरी कुणी आलं की ज्या भिंतीवर चित्रं होती, तिच्यासमोरच त्या पाहुण्याला बसवत. पण तोंडावर कौतुक केलं तर हा माणूस शेफारेल आणि मग घरी दिसायचाच नाही, अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे "बरं आहे" याच्या पुढे त्या कधी गेल्या नाहीत.

हिवाळ्यात मधुसूदनरावांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, पायही काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र सुधारला नाही. तो मांडीवर पडून राहायचा, परक्याचा असल्यासारखा. काही आठवड्यांनी त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि जेवणाच्या टेबलावर कपबशा काढायला सुरुवात केली. कपबशा एकीकडे कलायच्या. विमा कंपनीत आयुष्यभर मोत्यांसारखं अक्षर काढलेला माणूस त्या कलत्या कपबशांकडे बघत तासन् तास बसायचा.

जुलैच्या एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या प्रेमानंदच्या शेतावर जाऊ. एकदा बाहेर बसून बघतो. जमलं तर जमलं, नाही तर सगळं सामान त्यालाच देऊन टाकतो. कपबशांत काही राम नाही."

चारुशीलाबाईंनी नुसतं "हं" केलं आणि कणीक तिंबायला घेतली. पण कणकेत पाणी जास्त झालं. हा माणूस आपले रंग देऊन टाकेल, त्यानंतर घरात जे कुणी उरेल त्याच्याशी आपलं कसं निभणार, हे त्यांना समजेना. त्याच्याशी भांडण्यासारखंसुद्धा मग काही राहणार नव्हतं.

प्रेमानंद हा मधुसूदनरावांचा रविवारचा सोबती. कॉलेजात शिकवायचा, वयानं पुष्कळ लहान, पण उन्हात बसून चित्रं काढायचं वेड दोघांचं सारखंच. कुहीजवळच्या गावात त्याची भातशेती होती आणि ती त्याची आत्या सिंधूताई बघायची. सकाळी तो गाडी घेऊन आला आणि या वेळी प्रथमच चारुशीलाबाई चित्राच्या मोहिमेवर निघाल्या. ट्यूब पिळायला, कागद चिकटवायला, पाणी बदलायला दोन हात लागतात आणि नवऱ्याकडे आता एकच होता.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आंब्याखाली खुर्ची लागली. मधुसूदनराव हुकूम सोडू लागले. "दोन डबे पाण्याचे. एक ब्रश धुवायला, एक रंग कालवायला. आणि चहा दूर ठेव वं, माझा ब्रश आजवर कितीदा चहात गेलाय!"

"आणि मी समजत होते, रंगात गेलेला चहा तुम्ही प्यायचे म्हणून तुमचा रंग असा," चारुशीलाबाई म्हणाल्या. प्रेमानंद हसला. नवराही हसला, पण घाईघाईनं. त्याचं लक्ष समोर होतं.

समोर भाताचं मोठं खाचर होतं, तिकडे त्याला बांधी म्हणतात. चिखल करून पाणी सोडलेलं, आणि त्या पाण्यात अख्खं आभाळ उलटं झालेलं. पांढरे ढग, राखाडी ढग, मध्ये धुतल्यासारखी निळी फट. पलीकडच्या टोकाला सात-आठ बायका ओणव्या होऊन रोवणी करत होत्या. भाताची रोपं चिखलात खोवत त्या मागे मागे सरकत होत्या. त्यांच्या पुढे हिरवं उमटत होतं आणि त्यांच्या पाठीमागे आभाळ होतं. त्या एक पाऊल मागे आल्या की तेवढं आभाळ कमी व्हायचं.

"बघ," मधुसूदनराव म्हणाले, "बायका आभाळ बुजवत येऊन राहिल्या. इथवर पोचायच्या आत मला ते धरायचं आहे."

चारुशीलाबाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, नवरा झाडाखाली निवांत बसून टिवल्याबावल्या करतो. इथे तर शर्यत होती. ऊन कुणासाठी थांबत नव्हतं, ढग थांबत नव्हते. कागदावर मुंग्या चढत होत्या, वाऱ्यानं कागदाखालचा लाकडी पाट उचलला जात होता. प्रेमानंद सांगत होता, "काकू, मे महिन्यात तर ब्रश उचलायच्या आत रंग वाळते. काका कागदाखाली ओला टॉवेल अंथरून बसायचे. आता पावसाळ्यात उलटं. हवा इतकी ओली की घंटाभर झाला तरी वाळत नाही. कोणत्याच महिन्यात सुख नाही बघा!" आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की दुःख नेमकं कुठे आहे ते कळू नये.

मधुसूदनरावांनी पेन्सिल घेतली. आधी सगळं नीट आखायचं, असा त्यांनी निश्चय केला होता. डावा हात हुकूम मानत नव्हता. धुऱ्याची रेघ नागमोडी जायची, ती खोडायची, पुन्हा काढायची. पाण्यात उभ्या तीन बगळ्यांच्या आकृत्या त्यांनी दात आवळून काढल्या. "यांना रंग लावायचा नाही," ते म्हणाले. "जलरंगात पांढरं लावत नाहीत, राखतात. जिथं उजेड हवा तिथं हात आवरायचा. एकदा रंग गेला की गेला."

रेघा होईपर्यंत बायका अर्ध्या खाचरात आल्या होत्या. मग पाणी, मग निळा, मग करडा. मोठ्या ब्रशनं त्यांनी आभाळ ओलं केलं आणि त्या ओल्यातच दूरच्या झाडांचा गडद हिरवा टेकवला. हिरवा पसरला. फुटत फुटत वर आभाळात चढू लागला, पावसाच्या पडद्याआडची झाडं दिसावीत तसा.

चारुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा सवयीचा हात आपोआप पुढे झाला. रंग सांडलेला दिसला की पुसायचा, हे त्यांनी संसारभर केलं होतं. नवऱ्याचा हात चुकला, ओघळ गेला, असंच त्यांना वाटलं. पदराचं टोक घेऊन त्यांनी अलगद, मायेनं, तो ओघळ टिपून घेतला.

कागदावर पुरीएवढा पांढरा डाग उमटला. झाडं गेली, त्यांच्यावरचं आभाळही गेलं.

"काकू!" प्रेमानंद ओरडला.

मधुसूदनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्या डागाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. तसंही पेन्सिलीतच मेलं होतं ते." मग डाव्या हातानं ट्यूबची झाकणं गोळा करू लागले. एक झाकण गवतात पडलं, ते त्यांनी शोधलंसुद्धा नाही. "प्रेमानंद, सामान गाडीत ठेव. तुझ्याच घरी उतरव."

प्रेमानंद सामानाला हात लावेना. "काका, मी बायकांना थोडं थांबायला सांगतो नं. आत्याला म्हणतो, अर्धा घंटा—"

"काहून? माझ्या चित्रासाठी कुणाचं काम थांबायचं नाही."

बायका आता बऱ्याच जवळ आल्या होत्या. सगळ्यांत अलीकडे सिंधूताई होती. तिनं ओणव्यानंच मान वळवून पाहिलं. "काहून गा प्रेमानंद, भाऊ उठून राहिले का? आमाले तं वाटलं, आमचा फोटू काढून राहिले! सकाळपासून मी लुगडं सावरून सावरून रोवून राहिली!" बाकीच्या बायका खो खो हसल्या. कुणीतरी म्हणालं, "आता पाठच काढा मनावं, तोंड तं चिखलात हाय!"

चारुशीलाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कानशिलांना आग लागली होती. क्षणभर वाटलं, माफी मागावी. पण माफी मागितली असती तर नवऱ्यानं "जाऊ दे" म्हटलं असतं आणि खरंच सगळं जाऊ दिलं असतं. त्यांनी खराब झालेला कागद पाटावरून ओढून काढला. नवा कागद ठेवला, चारी बाजूंनी पट्टी चिकटवली, ती जराशी वाकडीच चिकटली. निळ्याची ट्यूब पिळली, गरजेपेक्षा चौपट रंग बाहेर आला. पाट त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, त्या पडून राहिलेल्या उजव्या हाताखालीच सरकवला, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही.

"मी एक कागद खराब केला," त्या म्हणाल्या. "आता एक तुम्ही करा. नाही तर जन्मभर तुम्ही मला ऐकवाल, आणि ते मी ऐकून घेणार नाही."

"अगं, रेघा काढायला वेळ कुठे आहे आता?"

"मग नका काढू."

मधुसूदनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग खाचराकडे. आभाळाची शेवटची एक पट्टी उरली होती, आणि तिच्यामागे बायकांच्या पाठी आता चांगल्या मोठ्या दिसत होत्या. त्यांनी सगळ्यांत जाड ब्रश उचलला, पाण्यात बुडवला आणि सरळ कागदावर ठेवला.

पुढे जे झालं ते चारुशीलाबाईंना शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि आपण हे इतकी वर्षं चुकवलं याचं त्यांना फार वाईट वाटलं. डावा हात सरळ जात नव्हता, तर त्यानं सरळ जायचा नादच सोडला. खांद्यापासून हात फिरत होता. निळा लोट वरून खाली आला आणि मध्येच सुटला, जिथं सुटला तिथं कागद कोरा राहिला आणि तिथं उजेड पडला. पाठी एकेका फटकाऱ्यात आल्या, ना डोकं, ना बोटं, पण बघताक्षणी कळावं की या बाया सकाळपासून वाकलेल्या आहेत. जांभळा खाली ओघळला, पाण्यात पडलेल्या सावलीसारखा थरथरत गेला. चारुशीलाबाईंनी स्वतःचे दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले. ओघळ जात होते, मिसळत होते, फुटत होते, आणि त्यांनी एकाही ओघळाला बोट लावलं नाही. पाणी मळलं की डबा बदलायचा, ब्रश मागितला की द्यायचा, बाकी श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

सिंधूताईची पाठ धुऱ्याला टेकली तेव्हा ब्रश थांबला. खाचर सगळं हिरवं झालं होतं. आभाळ आता फक्त कागदावर होतं.

बायका पायांचा चिखल धुऊन भोवती जमल्या. सिंधूताईनं कमरेवर हात ठेवून चित्र निरखलं. "हे मी का वं?" तिनं शेजारणीला विचारलं. "मागून बी वळखू येते मी! पण भाऊ, माझं लुगडं तं हिरवं हाय. तुमी निळं करून टाकलं."

"हिरवा तुम्ही शेतात सगळा संपवला, ताई," मधुसूदनराव म्हणाले, "मला कुठून उरेल?" आणि ते मोठ्यानं हसले. झटक्यानंतर तसं हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"काका," प्रेमानंद हळूच म्हणाला, "तुमच्या उजव्या हातानं हे झालं नसतं."

"लाव मस्का," मधुसूदनराव म्हणाले. पण चारुशीलाबाईंना ठाऊक होतं, पोरगा खरं बोलत होता. भिंतीवरची चित्रं सुंदर होती. हे चित्र ओलं होतं, वाकडं होतं, आणि जिवंत होतं.

"फार सुंदर झालं हो," त्या म्हणाल्या. अख्ख्या संसारात पहिल्यांदा.

नवऱ्यानं चमकून पाहिलं. "बरं नाही वाटत का तुला?"

निघायची वेळ झाली तरी कागद वाळेना. गाडीच्या डिकीत उभा ठेवला असता तर सगळं आभाळ खाली वाहून गेलं असतं. मग चारुशीलाबाई मागच्या सीटवर बसल्या आणि दोन्ही हातांवर पाट आडवा धरून कुहीहून नागपूरकडे निघाल्या. प्रत्येक गतिरोधकाला त्या प्रेमानंदला दटावत, "हळू रे बाबा, पाणी हलते!" हातांना रग लागली, तरी पाट त्यांनी कलू दिला नाही.

मधुसूदनराव पुढच्या सीटवर डोळे मिटून होते. सामानाविषयी ते काही बोलले नव्हते, आणि विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. शहराची पहिली घरं दिसू लागली तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, "पाठी जरा जड झाल्या. रंगात पाणी जास्त हवं होतं. उद्या शेजारची बांधी रोवणार आहेत म्हणे. सकाळी सहाला निघू, म्हणजे उजेड कोवळा मिळेल." मग मान जराशी मागे वळवून, "तू येशील नं, चारू?"

चारुशीलाबाईंनी मान खिडकीकडे वळवली आणि पाट अंगापासून होईल तितका लांब धरला. डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात गुंतले होते. कागद अजून ओला होता, त्यावर एक थेंबही पडून चालणार नव्हता.