भरावावर झोपलेली माणसं

टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात सकाळी साडेसहाला तव्यावर पोळी आणि ओट्यावर नकाशा अशी दोन कामं शेजारी शेजारी चालत. कादंबरी डाव्या हातानं पोळी उलटायची आणि उजव्या हातानं वहीत आकडे मांडायची.

"जळली गो ती पोळी," तिच्या सासूबाई, सुहासिनीबाई, म्हणाल्या. "त्या चिखलाकडे बघतेस तेवढं तव्याकडे बघ."

"बघते, आई."

सुहासिनीबाई पेणकडच्या खारपट्टीतल्या. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर डबे करून त्यांनी सौमित्रला इंजिनीअर केला, आणि हा अभिमान त्यांनी कधी चारचौघांत लपवला नाही. ग्योतोकुच्या इंडियन दुकानात मेथीची जुडी निवडता निवडता त्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत, "माझा लेक दलदलीवर महाल बांधतोय." ते खोटं नव्हतं. सौमित्रच्या टोकियोतल्या कंपनीकडे कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावरच्या रिसॉर्टचं काम होतं. किनारा सगळा तिवरांचा. पाहुण्यांना खोलीतून समुद्र दिसावा म्हणून मालकांनी तिवरं आधीच तोडून टाकली होती. खाली राहिला होता तो चौदा मीटर काळा चिखल आणि कुजलेली मुळं.

त्या चिखलाचं गणित मात्र सौमित्रला येत नव्हतं. तो इमारतींचा माणूस. मातीचं शिक्षण कादंबरीचं, तेही पहिल्या नंबरानं. पण लग्न ठरवतानाच सुहासिनीबाईंनी बजावलं होतं, "मुलगी शिकलेली हवी, नोकरीवाली नको. परदेशात माझ्या लेकाला गरम जेवण मिळालं पाहिजे." मुलीकडच्यांनी हसून मान डोलावली. अशा अटीला आपल्याकडे कोणी अट म्हणतच नाही. मग झालं असं, की सौमित्र कागद घरी आणायचा, कादंबरी ओट्यावर गणित सोडवायची, आणि सकाळच्या तोझाई लाइनच्या गाडीत उभ्यानं सौमित्र ते वाचून काढायचा. खाली नाव त्याचं.

"एकाच घरातलं, त्यात तुझं-माझं काय?" सुहासिनीबाई म्हणायच्या.

त्या दिवशी मात्र त्या नकाशाजवळ येऊन उभ्या राहिल्या. "हे गोल गोल काय?"

"इथं भोकं पाडून माती तपासलीय. लोखंडी दांड्यावर हातोडा मारतात. जितके ठोके जास्त लागतील तितकी माती घट्ट." कादंबरीनं पूर्वेच्या टोकाला बोट ठेवलं. "इथं एकही ठोका मारावा लागला नाही. दांडा आपल्याच वजनानं खाली गेला."

"मग त्यात काय नवल? आमच्या खाजणात काठी सोडली तरी जाते तशीच. तिथं घर?"

"घर लगेच नाही. आधी वर वाळूचा भराव टाकायचा, चिखलात उभ्या वाती खुपसायच्या. भरावाच्या वजनानं पाणी वातीतून वर येतं, चिखल हळूहळू बसतो. मग घर. पण त्याला अकरा महिने लागतील, आणि झालेत तीन. पाहुण्यांच्या खोल्यांची काळजी नाही, त्या खोल खांबांवर आहेत. कामगारांच्या दोन शेड मात्र नुसत्या या भरावावर."

तिनं वहीत एक वाक्य लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. सुहासिनीबाईंनी वाचायला लावलं. 'पूर्वेच्या भरावावर पुढच्या जूनच्या आधी माणसांना झोपू देऊ नये.'

"बरोबर लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आता दूध उतू चाललंय ते बघ."

ऑक्टोबरात सौमित्र एक निरोप घेऊन आला. त्याचे साहेब, मोरितासान, यांना कुठूनसं कळलं होतं की त्याची बायको मातीची जाणकार आहे. मालकांबरोबरच्या मीटिंगला तिलाही पाठवा, असं ते म्हणाले होते.

कादंबरीचा चेहरा उजळला. तो सुहासिनीबाईंनी पाहिला, आणि त्यांना तो आवडला नाही.

"नवऱ्याच्या हापिसात जाऊन बायकोनं उत्तरं द्यायची? मग लोक म्हणतील, साहेब ही, आणि तो हिची बॅग धरणारा. काही नको. आणि पोरीला, पूर्वीला, शाळेतून कोण आणणार?"

"शाळेतून ती एकटीच येते, आई. इथं सगळीच मुलं येतात."

"उलट बोलू नकोस."

सौमित्रला हायसं वाटलं होतं. आईच्या नकाराआड उभं राहायची त्याला लहानपणापासून सवय होती.

मीटिंग झाली. मालकांच्या माणसानं विचारलं, अकराच महिने का? चार का पुरत नाहीत? डिसेंबरात बर्फाच्या देशांतले पाहुणे येणार, कामगार आताच आणायला हवेत. आकडा कसा काढला ते दाखवा. सौमित्रनं कागद उलटसुलट केले. आकडा त्याच्या नावावर होता, पण तो कसा आला हे त्याला सांगता येईना. 'थोडी जास्तच काळजी घेतली आहे,' असं तो म्हणून बसला. रेघ मारलेलं वाक्य अहवालातून निघालं.

"निघालं म्हणजे?" त्या संध्याकाळी कादंबरीनं विचारलं. "तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? समोर चार माणसं बसलेली असतात! तू घरात बसून रेघा मारतेस, उत्तर मला द्यावं लागतं."

"मी यायला तयार होते."

"आता पुरे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "जेवून घ्या."

वाद संपला. अशा घरांत वाद असाच संपतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बेटावर तीन दिवस पाऊस पडला. चौथ्या पहाटे पूर्वेच्या भरावाची कड समुद्राकडे सरकली आणि पहिली शेड अर्धी चिखलात गेली. तिघं मेली. दोन गवंडी आणि स्वयंपाकघरात काम करणारी एक बाई.

ग्योतोकुत तेव्हा संध्याकाळ होती. सौमित्र ऑफिसातून आला तो बुटांसकट दारातच खाली बसला. पूर्वीनं जवळ जाऊन विचारलं, "पापा, दाइजोबु?" ठीक आहेस ना, म्हणून. त्यानं मान हलवली, पण ती हो की नाही ते पोरीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो चहा घेत होता. कामावर येऊ नका, घरीच थांबा, असं त्याला कळवलं होतं.

"बाकीचे लोक?" कादंबरीनं विचारलं.

"सुखरूप आहेत. सगळ्यांना दुसऱ्या शेडमध्ये हलवलं. साठ माणसं असतील."

कादंबरीच्या हातातला डाव कढईत पडला. "दुसऱ्या? सौमित्र, ती त्याच भरावावर आहे. कड गेल्यावर आता तिला समोरून आधार नाही. आणि तुम्ही तिच्यात दुप्पट माणसं भरलीत?"

"मी नाही भरली."

"तिथं आता संध्याकाळचे सात वाजलेत. दोन-तीन तासांत झोपतील ती. मोरितासानना फोन लाव."

"लावून काय सांगू? विचारतील, तुला हे कसं माहीत? माहीत होतं तर वाक्य का काढू दिलंस? मग सगळंच बाहेर येईल. पाऊस थांबलाय. आज चौकशीचे लोक पोचतील, बघतील ते."

"फोन दे. मी बोलते."

सौमित्रनं फोन खिशात घातला आणि सवयीनं आईकडे पाहिलं. "आई, तू सांग हिला."

सुहासिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. लहानपणी एकदा त्यांच्या गावच्या खाडीच्या बांधाला खांड पडून पाणी शेतात शिरलं होतं. खांड बुजवायला बापाला दोन भरत्या लागल्या, पण बांध हलतोय हे आठ दिवस आधी त्यांच्या आईला दिसलं होतं. ती बोलली तेव्हा ओटीवरचे पुरुष हसले होते. हे त्यांना इतकी वर्षं आठवलंच नव्हतं. आता आठवलं, आणि आपण त्या ओटीवर जाऊन कधी बसलो, हे त्यांना कळेना.

"सांगते," त्या म्हणाल्या. त्यांनी लेकापुढं हात पसरला. "फोन काढ."

"आई, माझं नाव जाईल. नोकरी जाईल, व्हिसा जाईल."

"जाऊ दे. मी डबे करून तुला वाढवला तो साठ माणसांना चिखलात झोपवायला नाही. काढ म्हणते ना!"

त्यानं फोन काढला. त्यांनी तो कादंबरीच्या हातात ठेवला. "बोल. आणि 'माझे मिस्टर म्हणतात' असं नको. तुझ्या नावानं बोल."

कादंबरी जपानीत बोलली. सुहासिनीबाईंना त्यातलं फक्त तिचं नाव कळलं. पहिल्याच वाक्यात ते आलं. मग आकडे. मग पलीकडून काही विचारलं गेलं. सौमित्रनं डोळे मिटले. "वाताशि देस," ती म्हणाली. मीच. तेवढं जपानी सुहासिनीबाईंना येत होतं.

साडेदहाला उलट फोन आला. शेड रिकामी केली होती. साठ माणसं गाद्या घेऊन हॉटेलच्या मोठ्या दालनात, पाहुण्यांसाठी बसवलेल्या संगमरवरावर झोपणार होती. मालकांच्या माणसानं आधी नको म्हटलं होतं, फरशी खराब होईल म्हणून.

शेड त्या रात्री पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सौमित्र एकदा पाणी घ्यायला आला तेव्हा बायकोला एवढंच म्हणाला, "उभीच आहे तुझी शेड." चौथ्या दिवशी ती रिकामी शेड भरावासकट सरकली. फोटो पाहून कादंबरी रडली. सौमित्र उठून बाहेर गेला आणि स्टेशनपाशी कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

कंपनीनं त्याला कामावरून काढलं. कादंबरीची वही चौकशीसाठी नेली, तिचा जबाब घेतला. नोकरी कोणी देऊ केली नाही. आभाराचं एक पत्र आलं, तेही सौमित्रच्या नावावर, कारण घर त्याच्या नावावर होतं.

सुहासिनीबाईंनी इंडियन दुकानात जाणं सोडलं. एका दुपारी त्यांनी कादंबरीला समोर बसवलं. "त्या तिघांची नावं वाच."

कादंबरीनं वाचली. परकी नावं होती, त्यांच्या जिभेवर बसेनात. बाईचं नाव त्यांनी तिसऱ्या वेळी नीट म्हटलं. ती चोवीस वर्षांची होती.

"आता माझा जबाब लिही. मला तेवढं लिहिता येत नाही."

"आई, तुमचा जबाब कोणी मागितलेला नाही. चौकशी मातीची आहे. तुमचा काय संबंध, असं म्हणतील."

"म्हणू देत. परत पाठवला तर पुन्हा पाठवू." त्यांनी पदर नीट केला, कचेरीत उभं राहिल्यासारख्या ताठ बसल्या. "लिही. मीटिंगच्या दिवशी साहेबांनी माझ्या सुनेला बोलावलं होतं. तिला उत्तर येत होतं."

कादंबरीनं लिहिलं. मग तिचा हात थांबला.

"थांबू नकोस. मी सांगते तसंच लिही. मी तिला पाठवलं नाही."