डोंगराची उसंत

लोव्हिना स्टर्जिलच्या उजव्या पायाचा अंगठा छप्पन्न वर्षांपूर्वी चेंगरला आणि त्यातून वादनाचं एक घराणं उभं राहिलं. ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. एक खुद्द लोव्हिना आणि दुसरी तो अंगठा चेंगरणारी तिची धाकटी बहीण व्हर्डी. आणि या दोघींनी एकमेकींशी बोलणं सोडून एकतीस वर्षं झाली होती.

अगदीच सोडलं असंही नव्हतं. पिजन क्रीक या डोंगरातल्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी दोघी एकाच बाकावर बसत, मधल्या जागेत व्हर्डीची हॅट. त्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव. वडीलधाऱ्याने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत गायची. गाताना दोघींचे आवाज असे एकजीव होत की मागच्या बाकावरच्यांना ते एकाच बाईचे वाटावेत. गाणं संपलं की व्हर्डी हात पुढे करून म्हणे, "देव तुमचं बरं करो, भगिनी लोव्हिना." चर्चमधल्या कुठल्याही बाईला म्हणावं, तसं. 'ताई' हा शब्द तिने आपल्या फिडलबरोबर, म्हणजे व्हायोलिनबरोबर, पेटीत घालून कुलूप लावला होता.

लोव्हिना एकोणिसाव्या वर्षी बँजो घेऊन रेडिओवर गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला गालावर विदूषकासारखे ठिपके काढून हसवाहसवी करायला सांगितलं होतं. भरधाव बँजो वाजवणं हे पुरुषांचं काम, असा त्यांचा समज. लोव्हिनाने काही न बोलता बोटांत तारा छेडायच्या नख्या चढवल्या आणि अंगठा नि दोन बोटं अशी पळवली की साथीचा गिटारवाला वाजवायचं सोडून बघत बसला. तीन वर्षांत तिचा स्वतःचा ताफा झाला. ब्लूग्रास या डोंगरी संगीताच्या ताफ्याची म्होरकी बाई, आणि तीही बँजोवाली, हे त्या डोंगरांनी तोवर पाहिलं नव्हतं.

ताफ्यात मायक्रोफोन एकच असे. ज्याची पाळी त्याने पुढे घुसायचं, पाळी संपली की हळूच बाजूला सरायचं आणि कुणी कुणाला धडकायचं नाही. पहिल्या तबकडीच्या दिवशी सतरा वर्षांची व्हर्डी नवे टाचांचे बूट घालून आली. फिडल घेऊन ती दोन मात्रा आधीच पुढे घुसली आणि टाच बरोबर ताईच्या अंगठ्यावर पडली. लोव्हिनाचा हात एका मात्रेपुरता थांबला. ओठ चावून तिने पुढच्या मात्रेवर धून पुन्हा उचलली. तबकडी तशीच निघाली.

लोक त्या एका मात्रेवर जीव टाकू लागले. पोरं तबकडी लावून लावून ती उसंत घोटू लागली. मग कार्यक्रमात व्हर्डीनेही त्या जागी पाऊल हलकेच टेकवायचं, असा दोघींचा शिरस्ताच पडला. पंचवीस वर्षं हे चाललं. एके दिवशी रेडिओवर कुणीतरी विचारलं, ही उसंत आली कुठून? लोव्हिनाला काय सुचलं देव जाणे. ती म्हणाली, "आमचा डोंगर असाच श्वास घेतो." व्हर्डी मागेच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिने फिडल धरली नाही.

लोव्हिनाचा नेम होता, रोज सकाळी एक स्तोत्र वाचल्याशिवाय बँजोला हात लावायचा नाही. तो तिने कधी मोडला नाही. फक्त खोटं बोलणाऱ्या ओठांची ओळ आली की तेवढी ती जरा घाईने वाचायची.

यंदा गावाने ओढ्यावरच्या नव्या पुलाला तिचं नाव द्यायचं ठरवलं. त्या शनिवारी तिने पुलावर वाजवावं, अशी सगळ्यांची इच्छा होती. बोटं आता आखडू लागली होती. हिवाळ्यानंतर नख्या चढणार नाहीत, हे तिचं तिला कळत होतं. तिने एकच अट घातली, मायक्रोफोन एकच हवा. त्या उसंतीवर चाळीस पानं लिहिलेले प्राध्यापक एल्वुड टॅकेट परंपरेच्या नावाने गहिवरले. लोव्हिनाच्या मनात परंपरा वगैरे नव्हती. एकच मायक्रोफोन असला म्हणजे फिडलवालीला जवळ यावं लागतं, एवढंच होतं.

गुरुवारी ती वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन व्हर्डीच्या ओसरीवर गेली. व्हर्डी शेंगा मोडत बसली होती. तिने केककडे पाहिलं, लोव्हिनाकडे नाही.

"शनिवारी येशील का?" लोव्हिनाने विचारलं.

"कशाला? डोंगर येणारच आहे ना श्वास घ्यायला."

लोव्हिनाने केक ओसरीच्या कडेला ठेवला.

"किराणा आणायला मला त्याच पुलावरून जावं लागतं," व्हर्डी एक शेंग मोडत म्हणाली. "आता रोज तुमच्या अंगावरून जायचं, भगिनी लोव्हिना."

केक मात्र तिने ठेवून घेतला. परतीच्या वाटेवर लोव्हिना तेवढ्यावरच आशा धरून चालत होती.

शनिवारी पुलावर माणूस मावेना. पन्नासेक बँजोवाले साथीला कठड्याशी ओळीने उभे होते, सगळे तिच्या तबकडीवर वाढलेले. लोव्हिनाने नख्या चढवल्या. समोर पाहिलं. गर्दीच्या मागे व्हर्डी उभी होती, हात रिकामे, पायात मेलेल्या नवऱ्याचे खाणीतले बूट. फिडल कुठेच दिसत नव्हती.

लोव्हिना मायक्रोफोनजवळ वाकली. त्या सकाळी तिने ती ओळ सावकाश वाचली होती.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "डोंगर वगैरे काही नाही. माझ्या बहिणीने माझ्या पायावर पाय दिला होता. ती उसंत व्हर्डीची आहे."

पुलावर हशा पिकला. म्हातारी काय थट्टा करते, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतलं, विनय हाही डोंगराचाच गुण. लोव्हिनाचे कान तापले. एकतीस वर्षांनी खरं बोलावं, तर कुणी ते घेईना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "यात हसण्यासारखं काय आहे? उजवा अंगठा. नख काळं पडून गळून गेलं होतं. मी पाहिलंय."

गर्दी दुभंगली. व्हर्डीने मागेच लावलेल्या आपल्या गाडीचं दार उघडलं, सीटखालून पेटी ओढली, फिडल काढली. ती आधीच सुरात लावलेली होती, हे लोव्हिनाच्या कानाने गज पहिल्यांदा फिरताच ओळखलं.

दोघी त्या एका मायक्रोफोनभोवती उभ्या राहिल्या. लोव्हिनाची बोटं सुरुवातीला अडखळली, मग पळू लागली. ती जागा जवळ आली. फिडल पुढे घुसली, बरोबर दोन मात्रा आधी. आणि खाणीतला तो बूट लोव्हिनाच्या मऊ चपलेवर सगळ्या वजनानिशी आदळला.

हात थांबला. एक मात्रा गेली. दुसरीही गेली. लोव्हिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं निम्मं अंगठ्याचं होतं. तिसरीवर तिने धून उचलली. कठड्याशी पन्नास बँजो तिच्याबरोबर थांबले होते, तिच्याबरोबर निघाले.

टाळ्यांच्या गलक्यात व्हर्डी तिच्या कानाशी आली. "जास्त लागलं का गं, ताई?"

"तू जाड झाली आहेस," लोव्हिना म्हणाली.

"तुझाच केक. सातही थर खाल्ले."

पुढच्या शनिवारपासून पिजन क्रीकची पोरं त्या जागी दोन मात्रा थांबू लागली. प्राध्यापक टॅकेट नव्या प्रकरणाला लागले. रविवारी लोव्हिनाच्या सुजलेल्या पायात बूट जाईना, म्हणून ती एका पायात लोकरीची सपात घालून चर्चला आली. बाकावर व्हर्डी आधीच बसली होती. तिने हॅट उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि ठेवायला दुसरी जागा न सापडल्याने डोक्यावर घातली.