हिरवी पट्टी, पान ११२

पान ७०. पान ७६. पान ८२.

स्टेंटरमधून निघालेल्या कापडाला गाल लावला की डिसेंबर आहे हे विसरायला होतं. मुकादम बघत नसताना लावावा.

व्हिजिटिंग कार्डं शंभराच्या खाली छापून देत नाहीत. चार वाटली.

सुरतेचा पोंक आणि आपला हुरडा, ज्वारी तीच. इथे सोबत लिंबू-मिऱ्याची शेव मिळते. आपल्याकडे बोटांना राख.

रद्दीतल्या पुस्तकाचं पान ज्याने फाडलं त्या माणसाला मी ओळखत नाही. तरी माझा त्याच्यावर राग आहे.

४ जानेवारी. वाचक : ६. सगळे सात-आठ वर्षांपूर्वीच्या पोस्टवर. कुठलं तरी मशीन असणार.

पान ११२. पान ११२. पान ११२.

(मधलं सगळं राघोच्या ब्लॉगवर आहे किंवा तिथे टाकण्यासाठी मोबाईलमध्ये लिहून ठेवलेलं. पानांचे आकडे तो कापडाच्या ताग्याला लावायच्या चिठ्ठ्यांमागे लिहीत असे.)

पान ११२, सहावा दिवस

सकाळी साडेसातला राघो खोलीवर आला आणि चप्पल काढायच्या आधी त्याने उशीखालून पुस्तक काढलं. हिरवी पट्टी कालच्या जागी होती. गोधडी मात्र अजून कोमट होती. म्हणजे दगाभाऊ रात्री इथेच झोपले, सकाळी उठून कामावर गेले, आणि पुस्तक उघडलं नाही.

सुरतेच्या पांडेसऱ्यातली ती खोली दोघांची, पण दोघे तिथे एकत्र नसत. दगाभाऊ सकाळी सात ते संध्याकाळी सात एका मिलच्या रंगखात्यात. राघो संध्याकाळी सात ते सकाळी सात दुसऱ्या मिलमध्ये, स्टेंटरवर, म्हणजे रंगवलेलं कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनवर. खाट एक, गोधडी एक, उशी एक. एकाने सोडली की तासाभरात दुसऱ्याने धरायची. थंडीत याचा फायदा असा की अंथरूण कधी गार लागत नाही. सुट्टीचे वारही वेगळे होते, आणि आपल्या सुट्टीला राघो गोडादऱ्याला बहिणीकडे जाई. त्याची बायको गावी अंगणवाडीत होती, ती नोकरी सोडून सुरतेला येणार नव्हती. नोव्हेंबरात तो या खोलीत आल्यापासून दगाभाऊंची आणि त्याची समोरासमोर भेट चारदा झाली. त्यातल्या दोन गॅसच्या बाटल्याबद्दल होत्या.

पुस्तक मात्र दोघे एकच वाचत होते.

ते खोलीबरोबर मिळालेलं पुस्तक होतं. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही नाही. एका सर्कशीत स्वयंपाक करणाऱ्या माणसाची कादंबरी. पानोपानी समासात फिकट गुलाबी, फिकट निळे अंगठे उमटलेले. आधीचा भाडेकरूही रंगखात्यातला असणार आणि जाताना विसरून गेला असणार, असं राघोने ठरवलं आणि वाचायला घेतलं. खूण म्हणून स्वतःच्या ब्लॉगचं व्हिजिटिंग कार्ड घातलं. शहाण्णव पडून होती, निदान एकाला काम मिळालं.

आठवड्याभरात पुस्तकात दुसरी खूण दिसली. साडीच्या काठाची हिरवी पट्टी, वीतभर. ती रोज सहा पानं पुढे सरके.

आठ वर्षांत राघोने तीनशे नऊ पोस्ट लिहिल्या होत्या. पुस्तकांवर, मिलवर, थंडीवर, जे सुचेल त्यावर. खाली आलेल्या टिप्पण्या अकरा, त्यातल्या सात बूट विकणाऱ्यांच्या. त्याने वाचलेलं पुस्तक त्याच दिवसांत दुसरं कोणी वाचतंय असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. तो मिलमधून परतताना रिक्षात बसून आज पट्टी कुठे असेल याचा अंदाज बांधी. हत्तीण आजारी पडते ते पान दगाभाऊंनी काल रात्री वाचलं असेल, या विचाराने त्याला सकाळी एकट्यालाच हसू येई.

आणि आता सहा दिवस पट्टी हलली नव्हती.

त्याने ताग्याच्या चिठ्ठ्या काढून तारखा लावल्या. पट्टी थांबली ती तीस डिसेंबरला.

एकोणतीस डिसेंबरला दुपारी त्याने एक पोस्ट टाकली होती.

खाटेचा दुसरा वाचक

*माझ्या खाटेवर रात्री झोपणारे गृहस्थ रोज सहा पानं वाचतात. पाच नाही, सात नाही. पुढे काय होणार याची त्यांना घाईच नाही. तंबूला आग लागली तरी सहा, हत्तीण मरणाच्या दारात असली तरी सहा. मला शंका आहे की ते वाचत नाहीत, पानं मोजतात. रंगखात्यात मीटर मोजायची सवय, तीच इथे. तरी मी खूश आहे. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस माझ्यामुळे वाचायला लागला.*

लिहिताना हे त्याला गमतीचं वाटलं होतं. आज खाटेच्या कडेवर बसून, दगाभाऊंच्या उबेवर बसून वाचताना नाही वाटलं.

पण त्यांना ते दिसणार कुठून? दगाभाऊ आणि ब्लॉग? मग त्याची नजर पुस्तकातल्या स्वतःच्या खुणेवर गेली. कार्डावर ठळक अक्षरांत ब्लॉगचं नाव, खाली पत्ता. तीन आठवडे ते त्यांच्या हातांखालून जात होतं. त्याने स्वतःच आमंत्रण दिलं होतं.

पान ११२, सातवा दिवस

पोस्ट काढून टाकली. पुसली नाही, मसुद्यांत परत ढकलली. ब्लॉगवर आता तीनशे आठ.

वाचक : ६.

पान ११२, दहावा दिवस

दुपारी झोप लागेना म्हणून तो खाली उतरला. घरमालकीण शोभाबाई ओट्यावर उन्हात बसून साडीवर टिकल्या चिकटवत होत्या. सहा वार लाल कापड मांडीवरून पायरीपर्यंत पसरलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, आज घुबडाला दिवसा कसं दिसतंय. राघोने सहज विचारल्यासारखं करून दगाभाऊंची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

"त्यास्ले काय धाड भरनी? येतस, भाकर खातस, नि मोबाईल छातीवर लिसनी पडतस. कालदिन तर एकलाच हसी ऱ्हायनथात."

मोबाईल. म्हणजे पुस्तक सुटलंच.

"तुमनं दोघास्नं काही वाजनं का?" शोभाबाईंनी आता वर पाहिलं. "एक खाट, दोन माणसं, नि भेट नही. भांडण तरी कसं करतस रे भो तुम्ही?"

राघो म्हणाला, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, तोंड तर तसं दिसतंय, आणि त्याला टिकल्यांचं पाकीट धरायला लावलं.

वर आल्यावर त्याने दगाभाऊंना मेसेज लिहिला. तब्येत बरी ना? संध्याकाळी रिक्षात असताना उत्तर आलं : हा. त्या एका अक्षराचा त्याने उधन्याच्या पुलापासून मिलच्या फाटकापर्यंत अर्थ लावला. फोन करता आला असता. पण बावन्न वर्षांच्या माणसाला फोन करून, तुम्ही पुस्तक का वाचत नाही, असं विचारणार कसं? आणि मी तुमची टिंगल केली ती तुम्ही वाचली का, असं तरी कसं?

राघोचं पुस्तक त्याच आठवड्यात वाचून संपलं. शेवट चांगला होता. सांगायला कोणी नव्हतं.

पान ११२, सोळावा दिवस

चौदा जानेवारी. उतरायण. सगळ्या मिल बंद.

रात्रपाळी संपवून राघो आला तेव्हा खाट रिकामी होती, पण दगाभाऊंच्या चपला दाराशी होत्या. वरून स्पीकरचा दणदणाट येत होता. तो तसाच, तोंडही न धुता, गच्चीवर गेला.

गच्चीच्या एका टोकाला शोभाबाईंचं सगळं घर पतंगांमागे ओरडत होतं. दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, उन्हाकडे तोंड करून दगाभाऊ बसले होते. माकडटोपी, चष्मा, मांडीवर चहाची बाटली, हातात मोबाईल. अंगठा गुलाबी होता. काल रानी रंगाचा माल असणार.

"ये. बस. चहा शे बाटलीमा."

राघो बसला. रात्रभर मशीनवर त्याने चार वाक्यं तयार केली होती. दगाभाऊ, माझं चुकलं, इथून सुरुवात होती. प्रत्यक्षात त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, की पुस्तक अर्धंच राहिलंय तुमचं.

"पुस्तक कोठे पळी जास?" दगाभाऊ म्हणाले. "माले आते येळ नही. तुले वाची ऱ्हायनू."

राघोला काही कळलं नाही. दगाभाऊंनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर त्याचीच पोस्ट होती, सहा वर्षांपूर्वीची, पोंकावरची.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. कार्ड रोज हातात येत होतं. एक दिवस त्यांनी त्याचा फोटो मुलीला पाठवला. योगिता धुळ्याला नर्सिंग शिकते. तिने फोनवर हे दाबा, ते दाबा करत ब्लॉग उघडून दिला. वरती सगळ्यात नवी पोस्ट होती. तर त्यांनी तिला सांगितलं, अशी शेवटून गोष्ट वाचतात का, मला पहिल्या पानावर ने. तिने नेलं. तेव्हापासून रोज सहा.

वाचक : ६.

"ती तुन्हा बापनी सायकलनी पोस्ट," दगाभाऊ म्हणाले, "तो गया तरी बी तू तिले तेल घालत ऱ्हायना, ती. तठे मी दोन दिन थांबनू. पुढे गयूच नही."

ती पोस्ट राघोला तारखेसकट आठवत होती. तिला तीन वाचक मिळाले होते, त्यातला एक तो स्वतः होता. त्याने बाटलीच्या झाकणात चहा ओतून घेतला.

म्हणजे त्यांनी ते वाचलं नव्हतं. ते अजून तिसऱ्या वर्षात होते. शेवटच्या पोस्टपर्यंत यायला त्यांना सहा-सहाने फेब्रुवारी संपत येणार होता. आणि ती पोस्ट तर आता तिथे नव्हतीच. तो वाचला होता. त्याने डोकं टाकीला टेकवलं. वर एक पतंग कापला गेला आणि गच्चीभर आरोळी उठली.

"योगिताने पहिल्याच दिनले शेवटली पोस्ट वाची लिधी," दगाभाऊ पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "माले सांगे, दादा, तठे तुमनं नाव नही पण तुम्हीच शेतस. मी सांगं, बोलू नको. येवाना तवय येई."

राघोने झाकण खाली ठेवलं.

"तिकडे फार चांगलं नाही लिहिलं मी, दगाभाऊ."

दगाभाऊंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रंगाचा नमुना उजेडात धरून बघतात तसं.

"व्हई. तवलोंग तुन्हं तीनशे पोस्ट मन्हं वाचेल राहीन. माले समजी, तू सगळास्ना बाबतमा असाच लिखस. बापलेबी सोडेल नही तू." मग म्हणाले, "फक्त पान फाडू नको. तूच लिखेल शे ना ते, रद्दीवाला पुस्तकनं?"

राघो हसला. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा. दगाभाऊही हसले, पण कशाला ते सांगता येणार नाही, कारण तोवर त्यांनी पुन्हा पोंक वाचायला घेतला होता. वाचता वाचता म्हणाले, लिंबू-मिऱ्याच्या शेवेचं बरोबर लिहिलंय, राखेचंही बरोबर आहे, पण हुरड्याबरोबर दाण्याची चटणी राहिली.

राघोला एकाएकी झोप आली. सोळा दिवसांची एकदम. दगाभाऊंनी ते ओळखलं असावं.

"जाय, झोप तू. खाट तुन्हीच शे आज. मी आठेच बसेल शे."

पान ११२

झोपायच्या आधी राघोने मसुद्यांतली पोस्ट उघडली. पहिल्यांदा त्याने 'पानं मोजतात' हे वाक्य खोडलं. मग 'माझ्यामुळे' हा शब्द. मग त्या जागी काही तरी बरं लिहिलं, खरंच बरं होतं ते, आणि वाचून पाहिलं. सायकलची पोस्ट लिहिणाऱ्या माणसाने ते लिहिलेलं वाटत नव्हतं. त्याने सगळं होतं तसं परत आणलं, एक अक्षरही न बदलता, आणि प्रसिद्ध केलं. तारीख एकोणतीस डिसेंबरचीच ठेवली.

ब्लॉगवर पुन्हा तीनशे नऊ.

मग त्याने उशीखालून पुस्तक काढलं. त्याचं कार्ड शेवटच्या पानावर होतं. ते काढून त्याने पान ११२ वर, हिरव्या पट्टीला लागून ठेवलं. वरून पावलांचा धडधडाट येत होता. गोधडी या वेळी गार होती, कारण दगाभाऊ पहाटेपासून गच्चीवर होते. ती अंगाखाली गरम व्हायला थोडा वेळ लागला, तेवढाच वेळ तो जागा होता.

दगाभाऊंनी ते पुस्तक उधन्याच्या रद्दीतून आणून पहिल्यांदा वाचून संपवलं ते जूनमध्ये, राघो या खोलीत येण्याच्या पाच महिने आधी.