चौथ्या टाकीचं दूध

बावीस वर्षं प्रयोगशाळेत दुधातल्या जंतूंच्या मागे घालवलेली लेक स्वतःच्या छोट्या कंपनीची प्रमुख झाली, तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "अगं, तुला भाजीवाल्याशी घासाघीस जमत नाही, तू धंदा काय करणार?"

आईचं काही चुकत नव्हतं. दूध नासायला लागलंय हे वास यायच्या आधीच सांगणारं यंत्र या लेकीने, म्हणजे बाईंनी, बनवलं होतं खरं, पण विकायला बसल्या की आधी त्याच्या खोडी सांगत. वर प्रत्येक गोष्ट तीनदा करून बघायची सवय. एकदा झालं तो योगायोग, दोनदा झालं ते नशीब, तिसऱ्यांदा झालं तरच खरं, असं त्यांचं म्हणणं. कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे तिबारबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी मात्र थट्टेला जागा नव्हती. शहरातली सगळ्यात मोठी डेअरी यंत्रं घेणार की नाही, ते आज ठरायचं होतं. नाही म्हणाली तर महिनाअखेर कंपनीला टाळं आणि नऊ माणसं घरी.

डेअरीच्या मालकीणबाईंनी आपल्या पाच टाक्यांमधलं दूध पाच बाटल्यांत भरून पुढे ठेवलं. "पाचही बाटल्यांतलं दूध ताजं आहे. बघू तुमचं यंत्र काय म्हणतंय."

पहिल्या तीन बाटल्यांना हिरवा दिवा लागला. चौथीला लाल.

बाईंसोबत आलेल्या विक्रीप्रमुखाच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी दगडालाही बोलतं करील असा हा गडी, आता जेमतेम कुजबुजला, "मॅडम, यंत्र तापलंय म्हणा आणि पाचवी घ्या."

तिबारबाईंनी पुन्हा चौथीच घेतली. लाल. तिसऱ्यांदा घेतली. लालच.

मालकीणबाईंनी बाटलीचा वास घेतला, घोटभर पिऊनही पाहिलं. "गोड आहे की! चुकलं म्हणायचं तुमचं यंत्र."

बाईंनी मान डोलावली असती तर प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण मान काही हलेना.

"चुकलंही असेल," त्या म्हणाल्या. "पण तीनदा? आपण टाकी बघून येऊ या का?"

विक्रीप्रमुखाने डोळेच मिटून घेतले. गिऱ्हाईकाच्या दारात येऊन गिऱ्हाईकाचीच चूक शोधायची म्हणजे कमाल झाली!

चौथ्या टाकीच्या तापमानाचा काटा चार अंशांवर शांत उभा होता. "बघा, थंडगार," मालकीणबाई म्हणाल्या. बाईंनी काचेवर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसऱ्या टिचकीला काटा थरथरला आणि सरसर चढत अठरावर जाऊन थांबला.

मालकीणबाईंनी टाकीला हात लावला. टाकी गार लागतच नव्हती. पहाटेपासून थंड करणारी मोटर बंद पडली होती आणि काटा अडकून बसला होता.

"हे दूध तासाभरात पिशव्यांत भरलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम हसल्या. "आजवर आलेले सगळे माझ्या होला हो करून गेले. पाचही टाक्यांना तुमचं यंत्र बसवा. आमच्या बाकीच्या सगळ्या शाखांनाही."

परतताना विक्रीप्रमुख गाडीत मोठमोठ्याने गात होता, तेही बेसूर. बाईंनी आईला फोन लावला.

"मिळाली ऑर्डर!"

"खरंच? नीट ऐकलंस ना?"

"आई," बाईंना हसू आवरेना, "तीनदा विचारलंय त्यांना."