घोंगडीतला बर्फ

स्नेहलने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, डब्यातून बर्फाचे दोन सारखे खडे काढून एकेका ताटलीत ठेवले आणि त्यातल्या एका ताटलीला घोंगडी गुंडाळली. सहावीचा वर्ग एकदम चिडीचूप झाला. शेवटचा तास होता, वर्गशिक्षक मतदारयादीच्या कामाला गेले होते, आणि अशा मोकळ्या तासाला कुणी मॅडम बर्फ घेऊन वर्गात येईल असं कारेगावच्या त्या पोरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सांगा, कुठला बर्फ आधी वितळेल?"

"घोंगडीतला!" सगळा वर्ग ओरडला.

"का?"

पहिल्या बाकावरची करुणा उभी राहिली. "घोंगडीत गरम व्हतं ना, मॅडम. आमचा आज्जा थंडीत घोंगडी सोडतच न्हाई."

"कंबल में तो पसीना आता है, मॅडम," मागून एक पोरगा म्हणाला. त्याचे आईवडील कामासाठी दूरच्या मुलखातून आलेले. वर्ग हसला.

"पाच मिन्टात पानी व्हतंय बघा," शंभूने निकाल देऊन टाकला.

स्नेहलने त्यांना गणितं घातली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं. तास संपत आला तेव्हा तिने घोंगडी उलगडली. उघड्या ताटलीत नुसतं पाणी, आणि घोंगडीतला खडा थोडासा झिजलेला, पण जागच्या जागी. "अय्या!" करुणा ओरडली आणि मागची पोरं बाकांवर चढली. स्नेहलने समजावून सांगितलं, की घोंगडी स्वतः गरम नसते. ती उष्णता अडवते. अंगातली बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची बर्फापर्यंत पोचू देत नाही. पोरांना पटलं. शंभूने तर ते वहीत लिहूनही घेतलं.

"मॅडम," करुणाने विचारलं, "हे उद्याचं हाय का? उद्या त्या मोठ्या मॅडम अंकिता मॅडमचा तास बघायला येणार हायत, त्याचं?"

"समज तसं," स्नेहल म्हणाली आणि ताटल्या पुसायला लागली.

घोंगडी तिच्या घरची, आबांच्या खाटेवरची होती. सकाळी शिरूरहून निघताना तिने ती स्कूटीच्या डिकीत कोंबली होती. कशासाठी, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. दुपारी शाळेसमोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला, तेव्हाही तिने विचारलं नाही. माणूस स्वतःशी इतकं बेमालूम खोटं बोलू शकतो की समोरच्याशी बोलताना तेवढी सफाई कधीच येत नाही.

स्नेहल आणि अंकिता दोघी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या, दोघींचा विषय विज्ञान, आणि चार महिने दोघी याच शाळेत सराव पाठ घेत होत्या. आता वार्षिक पाठ होता. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात आणि दोन वर्षांच्या शिक्षणाचा एका तासात निकाल लावतात. यंदा त्यात आणखी एक भर होती. शाळेत विज्ञानाची एक जागा जूनपासून रिकामी होणार होती, आणि मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, "वार्षिक पाठ बघतो. जिचा उत्तम, तिला संस्थेपुढं उभी करतो."

संक्रांतीपर्यंत ही जागा स्नेहलची होती. असं सगळेच धरून चालले होते. तिचं अक्षर सुंदर, भाषा स्वच्छ, पाठाचं टाचण असं की बी.एड. कॉलेजचे गव्हाणे सर ते दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवत. तिच्या आईने, कस्तुराबाईंनी, तर भावकीत बातमी वाटूनही टाकली होती, पेढे तेवढे राहिले होते.

अंकिता कासुर्डीची. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे येणारी एसटी पकडायची, आणि एसटीला उशीर झाला की प्रार्थना संपल्यावर केस सावरत, धापा टाकत फाटकातून आत यायची. पहिल्या महिन्यात तिच्या पाठाला वर्गात बाजार भरायचा. गव्हाणे सर तिला म्हणायचे, "अंकिता, वर्गात हाय-न्हाई करू नका, आहे-नाही म्हणा." ती मान डोलवायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा हाय म्हणायची. तेव्हा स्नेहलच तिची टाचणं तपासून द्यायची. तेव्हा अंकिता तिला फार आवडायची.

मग कधीतरी पोरांना अंकिताचा लळा लागला. कसं ते स्नेहलला कळलं नाही. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका, बोरं तिच्या हातात, पडलेला दात दाखवायला पळत यायचं ते तिच्याकडे. स्नेहल समोरून आली की तीच पोरं रांगेत उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची आणि ती जाईपर्यंत हलायची नाहीत. स्नेहलने घरी आरशासमोर हसून पाहिलं. बोरं विकत आणून पोरांना वाटली. पोरांनी ती थँक्यू म्हणून घेतली आणि त्यातली निम्मी अंकिताला नेऊन दिली.

तिचा जळफळाट व्हायचा. दुसरा शब्द नाही त्याला. अंकिताचं हसू कानावर पडलं की तिच्या हातातला खडू मोडायचा. नोकरीचं निमित्त होतं. नोकरी नसती तरीही हे असंच झालं असतं.

आणि मागच्या आठवड्यात, एसटीची वाट बघताना, अंकिताने तिला आपला वार्षिक पाठ सांगितला होता. तिच्या आजोबांनी, गेणबांनी, मेंढरांमागं हिंडायचं कधीच सोडलं होतं, आता त्यांचा ऊस होता. पण घोंगडी तेवढी राहिली होती. ती घोंगडी आणि बर्फ.

"पोरं म्हणणार घोंगडीतला आधी वितळंल. म्हणणारच! त्यांना आधी मनसोक्त चुकू द्यायचं. मग उघडून दाखवायचं. पोरं चुकली तरच माझा पाठ उभा राहतोय, स्नेहल. कुणाला सांगू नको हं. गव्हाणे सरांना पण नुसतं 'उष्णतेचे वाहक' एवढंच लिहून दिलंय."

स्नेहल म्हणाली होती, "छान आहे." आणि खरंच छान होतं, हेच तर दुखणं होतं. तिच्या स्वतःच्या पाठात तक्ते होते, रंगीत पट्ट्या होत्या, आणि असं काहीच नव्हतं. सातवीवरचा तिचा पाठ आज सकाळीच झाला. परीक्षक मॅडम म्हणाल्या, "व्यवस्थित." तो शब्द दिवसभर तिच्या डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या शेवटच्या बाकावर ती जाऊन बसली. विद्यार्थिनींनी एकमेकींचे पाठ बसून बघायचे, असा नियमच होता. तिच्या पुढे परीक्षक मॅडम, गव्हाणे सर आणि मुख्याध्यापक. अंकिता इस्त्रीच्या साडीत अवघडून उभी होती. ओठ सुकलेले. तिने दोन ताटल्या मांडल्या, बर्फ ठेवला, एका ताटलीला आजोबांची घोंगडी गुंडाळली.

स्नेहलने हाताची घडी घातली. आता काय होणार ते तिला दिसतच होतं. अंकिता विचारणार, शंभू उठून फाडकन बरोबर उत्तर देणार, वरून कारणही सांगणार. पाठ सुरू व्हायच्या आत संपणार. अंकिता गोंधळली की हाय-न्हाई करत सुटते. परीक्षक मॅडमचं पेन चालू लागणार.

"सांगा बरं," अंकिता म्हणाली, "कुठला बर्फ आधी वितळेल?"

करुणाने मान वळवून सगळ्या वर्गाकडे एकदा पाहिलं.

"घोंगडीतला!" सगळा वर्ग ओरडला.

स्नेहलच्या हाताची घडी सुटली.

"का?"

करुणा उभी राहिली. "घोंगडीत गरम व्हतं ना, मॅडम. आमचा आज्जा थंडीत घोंगडी सोडतच न्हाई."

"कंबल में तो पसीना आता है, मॅडम," मागून तोच पोरगा म्हणाला. वर्ग हसला. कालच्यापेक्षा थोडा जास्तच हसला.

"पाच मिन्टात पानी व्हतंय बघा," शंभू म्हणाला, आणि बसताना त्याने समोरच्या पोराला हळूच कोपर मारलं.

कालचीच वाक्यं. तीच पोरं, तोच क्रम. स्नेहलला घाम फुटला. परीक्षक मॅडम मात्र पुढे झुकून बसल्या होत्या, आणि त्यांनी शंभूला विचारलं, "तुझी खात्री आहे?"

"व्हय, एकदम!" शंभूने छाती काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चुकीचं उत्तर इतक्या दिमाखात द्यायला मिळत होतं.

मग अंकिताची भीड चेपली. बर्फ वितळेपर्यंत तिने वर्गाला नुसतं बोलतं ठेवलं. लोकर कशी निघते, थंडीत मेंढरं गारठत का नाहीत, कढईला लाकडी मूठ का असते. "हाय" तिच्या तोंडातून कितीतरी वेळा निसटलं, पण गव्हाणे सरही त्या बोलण्यात गुंतले होते. शेवटी तिने घोंगडी उलगडली. "अय्या!" करुणा ओरडली आणि मागची पोरं बाकांवर चढली. परीक्षक मॅडम जागेवरून उठून टेबलाशी आल्या आणि त्यांनी त्या खड्याला बोट लावून पाहिलं. मुख्याध्यापक गव्हाणे सरांच्या कानाशी काही बोलले. गव्हाणे सर हसून मान डोलावत होते. काय बोलणं झालं, ते स्नेहलला ऐकू न येताही कळलं.

मोठी माणसं बाहेर गेल्यावर वर्गात एकच गिल्ला झाला. स्नेहल दाराकडे निघाली होती. पण पोरं अंकिताकडे गेलीच नाहीत. ती बाकांवरून उड्या मारत स्नेहलच्या भोवती जमली. कुणी तिचा हात धरला, कुणी पदर. इतक्या जवळ तिच्याकडे पोरं कधीच आली नव्हती.

"मॅडम, बरोबर केलं ना?"

"एक पन चुकलं न्हाई, मॅडम! म्हंजी चुकायचं तिथं समदे चुकलो!"

"मैंने भी सेम टू सेम बोला, मॅडम."

"काय केलंत रे?" अंकिताने टेबलापाशी घोंगडीची घडी घालता घालता विचारलं. ती अजून हसतच होती.

करुणाला कधी एकदा सांगते असं झालं होतं. "मॅडम, तुमचा तास चांगला व्हावा म्हनून स्नेहल मॅडमनी काल आमच्याकडनं बसवून घेतला. गॅदरिंगचं नाटक बसवतात तसा. तपासनीला सायब येणार असला की सर पन आदल्या दिवशी बसवून घेत्यात ना, तसा. स्नेहल मॅडमनी बर्फ बी आनला हुता. मग शाळा सुटल्यावर मी समद्यांना सांगितलं, काल जे बोलला तेच बोलायचं. आधी चुकायचं, मग अय्या म्हनायचं."

घोंगडीची घडी अर्ध्यावर थांबली. अंकिताने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्यामागून हळूहळू ती सगळं समजत गेली. ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली होती.

स्नेहलला वाटलं, आता ती विचारेल. विचारावं, असंही वाटलं. शंभूने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि तो हात सोडवून घ्यायचं तिला सुचत नव्हतं.

"एवढं केलं स्नेहल मॅडमनी?" अंकिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "माझ्यासाठी?"

"व्हय!" वर्ग म्हणाला.

"मग त्यांना शाबासकीची टाळी नको?"

पोरं जागेवर पळाली. करुणाने पुढे येऊन हात वर केला. एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन-तीन, सगळा वर्ग एका ठेक्यात स्नेहलसाठी टाळ्या वाजवू लागला. अंकिताही त्यांच्यात वाजवत होती, डोळे स्नेहलवर ठेवून.

टाळी थांबली. पोरं कौतुकाने तिच्याकडे बघत उभी राहिली. सगळी कशाची तरी वाट बघत होती.

"मॅडम," करुणाने हळूच आठवण केली, "टाळी भेटल्यावर थँक्यू म्हनायचं असतं."

स्नेहलने अंकिताकडे पाहिलं. अंकिता वाट बघत होती.

"थँक्यू," स्नेहल म्हणाली.

"मोठ्यानं, मॅडम," मागच्या बाकावरून शंभू ओरडला. "हितं ऐकू न्हाई आलं."