गौराच्या झग्याचं माप

होळीला घरी जाताना पोरीला झगा न्यायचाच, हे गोदीने दिवाळीतच ठरवलं होतं. वीटभट्टीवर कामाला निघायच्या दिवशी तिने पोत्याची सुतळी सोडवली, तीन वर्षांच्या गौराला कुडाला पाठ लावून उभं केलं आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेऊन गाठ मारली. पोर आजीजवळ राहणार होती. आदल्या साली वीटभट्टीच्या धुरळ्याने तिला असा खोकला धरला, की गोदीने तेव्हाच कानाला खडा लावला होता. पुन्हा लेकराला भट्टीवर न्यायचं नाही. आणि आपण न जाऊन चालणार नव्हतं. भट्टीवर माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा, बारक्या, एकटा गेला असता तर मुकादमाने त्याला आल्या पावली परत धाडलं असतं.

साडेचार महिने गोदीने चिखल तुडवला, विटा डोक्यावरून वाहिल्या, आणि उरल्या वेळात ती चिडली. मुकादमावर चिडली, झोपडीच्या गळक्या ताडपत्रीवर चिडली, सगळ्यात जास्त बारक्यावर. त्याच्या हातात दिलेली वस्तू जागच्या जागी सापडेल तर शपथ. विळा, चप्पल, काडेपेटी, सगळं तिनेच सांभाळायचं.

होळीच्या आठ दिवस आधी ती भिवंडीच्या बाजारात सुतळी घेऊन गेली. पोरीचं माप आहे की म्हशीचं दावं, असं दुकानदाराने विचारलं. बरोबरची चैती म्हणाली, पोरं काय गाठीला बांधून राहतात होय, चार बोटं जास्तीचा घे. गोदीला ते पटलं. लाल झगा, गाठीच्या पुढे चांगली चार बोटं, आणि त्याखाली रुंद पांढरी झालर.

सूर्यमाळच्या फाट्यावर जीपमधून उतरून पाड्यावर पोचेस्तोवर तिचा जीव मेटाकुटीला आला. बारक्या दर झाडाखाली बिडीला बसत होता. आणि घरी पोचले तर गौराने आईला ओळखलंच नाही. सुकरी आजीच्या लुगड्यामागे जी लपली, ती बाहेर निघेना. ज्या पोरीसाठी जीव झुरला, तिने परक्यासारखं बघावं, याचाही गोदीला राग आला. आणि रागावता येईना, म्हणून जास्तच आला.

झगा बघून मात्र पोर पुढे झाली. गोदीने तो तिच्या डोक्यातून घातला. झालर थेट घोट्यांवर आली.

दारात जमलेल्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, याच झग्यात हिचं लगीनही उरकेल. बारक्याही हसला. गोदीने मनातल्या मनात चैतीला शिव्या दिल्या आणि चूक नक्की कुणाची, हे बघायला बोचक्यातून सुतळी काढली. एक टोक गौराच्या खांद्यावर धरलं. गाठ गुडघ्यावर आली.

पोर वाकून उभी असेल, असं वाटून तिने तिला पुन्हा कुडाला पाठ लावून ताठ उभं केलं. गाठ गुडघ्यावरच. दिवाळीत होती तिथेच. एक बोट नाही, अर्धं बोट नाही.

बाया अजून हसत होत्या. गोदी सासूवर उलटली. काय खायला घातलं पोरीला, लक्ष होतं का, की नुसतं गावभर फिरवत होतीस. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की घरची नागली पूस महिन्यातच संपली. पुढे पातळ आंबील, कधी रानातले कंद. बालवाडीची खिचडी एक दिवस यायची आणि चार दिवस यायची नाही.

"आनि रेशन?" गोदी ओरडली. "रेशनचं काय झालं?"

"कार्डं तुमच्यासंग गेलं ना," सुकरी म्हणाली. "कार्डाबिगर दुकानवाला देत नाय. मना वाटलं, तिकडं तुमाला त्याच्यावर मिळत असंल. अंगमेहनतीचं काम तुमचं."

गोदीच्या हातात सुतळी तशीच राहिली. ही सुतळी ती भट्टीवर जपून कुठे ठेवत होती, ते तिला आठवलं. कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीला गुंडाळून. पावसाळ्यात शेजारणीचं कार्ड उंदरांनी कुरतडलं होतं आणि नव्या कार्डासाठी तिने मोखाड्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या. म्हणून गोदीने आपलं कार्ड घरी ठेवलंच नाही. बारक्याच्या हातीही दिलं नाही, तो हरवेल म्हणून. झोपडीच्या आढ्याला टांगलं, दर आठवड्याला काढून कोरडं आहे ना ते बघितलं. तिकडच्या दुकानात ते चालत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण जिवापाड जपलं. आताही ते करकरीत होतं.

राग बाहेर पडायला डोकं शोधत होता आणि सापडत होतं ते तिचंच. तिने सासूकडे बघितलं. म्हातारीच्या वाळलेल्या हातांवर बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. म्हणजे आंबिलीतली घट्ट वाटी कुणाला मिळाली होती, ते विचारायची गरज नव्हती. गोदी उठली आणि बोचक्यातले तांदूळ काढून चुलीवर पेज ठेवली.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली रस्त्यावर मुकादमाचा टेम्पो येऊन भोंगा वाजवायला लागला. खोडाळ्याचं रेशनचं दुकान उघडायला अजून दोन दिवस होते. मागच्या महिन्यांचं धान्य तर बुडालंच होतं. पण या महिन्याचं तरी गोदीला आणायचंच होतं. बारक्या म्हणाला, कार्ड आईला दे आणि चल. गोदीने विचारलं, आई खोडाळ्याहून डोक्यावर पोतं आणेल का.  अर्धी जोडी बघून मुकादम काय बोलेल, याचीच बारक्याला धास्ती.

"मग तू येशील कवा?" त्याने विचारलं.

"गाठ गुडघ्याच्या बोटभर वर आली की."

"बोटभर वाढायला किती दिस लागतात?"

"ते मुकादमाला इचार. त्याला सगळा हिशेब येतो."

बारक्या बोचकं उचलून उतारावर गेला. वळणावर थांबला, काहीतरी विसरल्यासारखा मागे बघत. गोदीने त्याची काडेपेटी उचलून दाखवली. तो परत आला, घेतली, आणि गेला.

अंगणात गौरा झालरीवर पाय पडून आपटली. गोदी धावली. पोरीने आधी आजीकडे बघितलं, मग रडू आवरून उभी राहिली. गोदीने झगा वर खोचला, जास्तीची चार बोटं कमरेशी दुमडली आणि त्यावरून सुतळी बांधली. मापाची गाठ पुढे ठेवली, दर बाजाराच्या दिवशी सुतळी सोडून मोजायला बरी.